चैत्रातही ओली राहणारी भिंत

माझं माहेर माळशेज घाटाच्या वर, जुन्नरच्या पलीकडे. तिथं पाऊस पडतो तो बेतानं. घरात धूळ असायची. ओल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. नव्वदच्या दशकात लग्न होऊन मी घाट उतरून शहापूर तालुक्यात, किन्हवलीजवळच्या एका गावात आले आणि पहिल्याच पावसाळ्यात मला सगळं नवलाचं वाटायला लागलं.

कोनाड्यातल्या चपलांवर हिरवी लव उगवली. लग्नातल्या शालूच्या घडीवर काळे ठिपके पडले. काड्यापेटी चुलीच्या मागे ठेवली नाही तर काडी पेटेना. एके दिवशी मिठाची बरणी उघडली तर मीठ कमी आणि पाणी जास्त. दुसरी कुणी वैतागली असती. मला मात्र मजा वाटायची. लाकडावरची बुरशी पांढरी आणि चामड्यावरची हिरवी का, एकाच खोलीतल्या दोन कपड्यांपैकी एकालाच वास का येतो, असं काहीबाही मी वाकून बघत बसायची.

"बुरशी काय बघत बसलेस गो?" सासू म्हणायची. "पूस ती."

सासूला मी आई म्हणायची. ती ठेंगणी होती, पण मान अशी ताठ की डोक्यावर हंडा नसतानाही तो आहे असं वाटायचं. कमी बोलायची. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. घरात आम्ही तिघंच. माझे मालक सकाळी आसनगाव स्टेशनापर्यंत सहा सीटर रिक्षानं जायचे, तिथून गाडीनं कल्याणकडच्या कंपनीत, आणि दिवेलागणीला परत. त्यामुळे घराची साफसफाई म्हणजे आम्हा दोघी बायकांचं काम.

खरी साफसफाई व्हायची ती चैत्रात, चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी. पावसाळ्यात घर साफ करता येतच नाही. नुसतं पुसत राहायचं. दसऱ्याच्या सुमाराला जळमटं काढून, गोधड्यांना ऊन दाखवून घ्यायचं. पण भिंतींच्या पोटातली ओल निघते ती चैत्राच्या उन्हानं. म्हणून तेव्हा सगळं घर अंगणात यायचं. पेट्या, डबे, पाट, बाजा, तरटं, गोधड्या, आणि भिंतीवरच्या दोन तसबिरी. तसबिरी आई स्वतः उतरवायची, स्वतः पुसायची आणि ओटीवर पांढऱ्या चादरीवर मांडायची. मोठ्या पिंपात चुनकळी भिजत घातली की ती रटारटा उकळायची. चूल नाही, जाळ नाही, आणि पाणी उकळतंय! पहिल्या वर्षी मी त्या पिंपाजवळून हललेच नाही. शेवटी आईनं माझ्या हातात कुंचला दिला आणि म्हणाली, "उकळी बघून भिंत पांढरी व्हते काय?"

या कामात एकच गोष्ट आई हलवू देत नसे. मागच्या खोलीतली कणगी. कणगी म्हणजे शेणामातीनं लिंपलेली भाताची भलीमोठी बांबूची टोपली, माझ्या उंचीची. ती पश्चिमेच्या भिंतीला चिकटून उभी असायची. मी म्हणायची, "आई, मागं केर असंल." ती म्हणायची, "असू दे. भात उपसायला लागंल सगळा."

मला वाटायचं, तिला कामाचा कंटाळा. पण कंटाळा करणारी बाई ती नव्हे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

एका वर्षी मात्र उंदरांनी कणगीला खालून भोक पाडलं. भात सांडायला लागला तेव्हा आईचा इलाज चालेना. आम्ही सगळा भात उपसून अंगणात तरटावर पसरला आणि रिकामी कणगी दोघींनी मिळून बाजूला सरकवली.

मागची भिंत ओली होती.

बाहेर ऊन असं की अंगणात अनवाणी उभं राहवेना. बाकीच्या भिंती वाळून ठणठणीत झालेल्या. आणि इथं, जमिनीपासून माझ्या कमरेपर्यंत, काळपट ओला पट्टा. हात लावला तर गार. मातीचे पोपडे बोटाला लागले.

"आई, ही भिंत ओली कशी?"

"ती तशीच आहे," आई म्हणाली. लगेच चुन्याची बादली उचलून ती पुढच्या खोलीत गेली.

रात्री मालकांना विचारलं. ते म्हणाले, "जमिनीतून ओल येत असंल. मागच्या बाजूला पाणी साचतं ना पावसात."

"पण आता कुठं पाऊस आहे?"

"मला काय ठाऊक? गवंड्याला बोलावू."

गवंडी आला, भिंत ठोकून पाहिली, ओला भाग तासला आणि सिमेंटचा गिलावा चढवला. भिंत छान दिसायला लागली. पण दोन पावसाळे गेले आणि सिमेंट पापडासारखं फुगलं. मी बोटानं नुसतं टोचलं तर हाताएवढा तुकडा खाली पडला. आत तीच काळी ओल.

आता मात्र मला चैन पडेना. मी त्या भिंतीवर नजर ठेवायला लागले. कणगी आता दुसऱ्या कोपऱ्यात गेली होती, त्यामुळे भिंत उघडीच होती. सकाळी भांडी घासून झाली की एकदा हात लावायचा, दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. हळूहळू लक्षात आलं की भिंत रोज सारखी ओली नसते. दुपारी कोरडा वारा सुटला की पट्टा फिका पडतो. पहाटे दमट असलं की पुन्हा गडद होतो. मे महिन्यात एकदोन दिवस आभाळ भरून आलं तेव्हा भिंतीवर अक्षरशः घामाचे थेंब उभे राहिले. बाहेर एक टिपूस पडला नव्हता. पाणी जमिनीतून येत असतं तर ते आभाळ बघून आलं असतं का? भिंत हवेतलं पाणी पीत होती. पण हीच भिंत का? समोरची का नाही?

मग एका सकाळी भिंतीवर बारीक पांढरी भुकटी दिसली. चुना म्हणावा तर चुन्यासारखी चिकट नव्हती. मी बोटावर घेतली, इकडंतिकडं पाहिलं आणि जिभेला लावली.

खारट. स्वच्छ खारट. मिठाच्या बरणीची आठवण झाली आणि पावसाळ्यात तिला सुटणारं पाणी डोळ्यांसमोर आलं. भिंतीत मीठ होतं.

आई अंगणात तांदूळ पाखडत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले.

"आई, भिंत खारट आहे."

तिचं सूप हातातच थांबलं. "चाटलीस?"

"चाटली."

ती एकदम हसली. मी तिला असं हसताना आधी पाहिलं नव्हतं. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. हसून झाल्यावर डोळे पुसले आणि सूप खाली ठेवलं.

"इतक्या वरसांत कुनी इचारलं नाय," ती म्हणाली. "तू चाटूनच बघितलीस."

मग तिनं सांगितलं ते असं. माझे सासरे जंगलात तोडीच्या कामावर जायचे. एकदा ओंडका पायावर आला आणि पाय कायमचा अधू झाला. पोरगा लहान, घरात दुसरं कुणी नाही. तेव्हा आईनं सुक्या मासळीचा धंदा सुरू केला. उन्हाळ्यात कल्याणच्या बाजारातून सुकट, जवळा, बोंबील आणि जाड्या मिठाची पोती एस्टीच्या टपावर घालून आणायची. सगळा माल या मागच्या खोलीत. मिठाची पोती पश्चिमेच्या भिंतीला लावून थप्पी. पाऊस लागायच्या आधी पाटी डोक्यावर घेऊन ती निघायची. इकडच्या वाड्यापाड्यांवरून मुरबाडच्या बाजूला, तिथून पुढं पार घाटाखालच्या वैशाखऱ्यापर्यंत. पावसात चार महिने बायकांना बाजाराला जाता येत नाही, म्हणून त्या मीठ आणि सुकट आधीच भरून ठेवायच्या. त्या बदल्यात भात मिळायचा, नाचणी मिळायची. रात्र झाली की त्याच गावात कुणाच्या तरी पडवीत मुक्काम.

"उरलेलं मीठ पावसात पाझरायचं," आई म्हणाली. "त्येचं पानी भितीत जायचं. मी भुईला चर काढून ठेवलेला, तरी जायचं. लय वरसं गेलं."

"मग बंद का केलं?"

तिनं तांदळातला एक खडा वेचला, लांब टाकला.

"पोरगा साळंत जायला लागला," ती म्हणाली. "घरभर वास. कपड्याला वास. तो काय बोलला नाय हां. पर एक दिवस सकाळी मी उठले तर त्येचा साळंचा शर्ट बाहेर कुंपनावर टांगलेला. आदल्या सांजेचा. दवानं भिजलेला. मी म्हटलं वाऱ्यानं गेला असंल. दुसऱ्या दिवशी बी तिथंच. तिसऱ्या दिवशी मी त्येला बघितला. तो सोता नेऊन टांगत व्हता. घरातला वास लागू नये म्हणून."

त्या वर्षी उरलेला माल तिनं मिळेल त्या भावानं काढून टाकला. खोली धुतली, सारवली, चुन्याचे हात मारले. वास गेला. भिंत मात्र पुन्हा पुन्हा पाझरायची, आणि ती दिसू नये म्हणून कणगी तिथं आली. आई दुसऱ्यांच्या शेतात लावणी-कापणीला जायला लागली.

"पोराला कदी सांगू नको," ती म्हणाली. "त्येला लाज वाटंल."

मी मान डोलावली खरी, पण ते माझ्या पोटात राहणारं नव्हतं. संध्याकाळी मालक आले, हातपाय धुऊन ओटीवर चहा घेत बसले. आई शेजारीच होती. मी म्हटलं, "अहो, तुम्ही शाळेचा शर्ट कुंपणावर का टांगायचे?"

आईनं माझ्याकडं डोळे वटारून बघितलं. मालकांनी कप खाली ठेवला.

"तुला कोणी सांगितलं?"

"मी सांगितलं," आई म्हणाली. आता तिचाच आवाज जरा चढला. "काय झालं? वास यायचा म्हणून टांगायचास ना?"

"हो, यायचा. पोरं नाक दाबायची. पण आये, तेवढ्यासाठी तू धंदा बंद केलास? मला वाटलं बाबांनी करायला लावला."

"तुज्या बापानं? त्यो तर माझ्यावर चिडला व्हता."

मालक अंगणाकडे वळले. मग म्हणाले, "मे महिन्यात मी तुझ्याबरोबर यायचो. आठवतं? छोटी पाटी माझ्या डोक्यावर. नदीत पोहायचो. कुठल्या कुठल्या घरी जेवायचो. साळा सुरू असताना मला वास नको वाटायचा, पण सुट्टी लागायची मी वाट बघायचो. मग एका वर्षी तू म्हणालीस, आता नाय जायचं. मी विचारलं नाय का ते. मला वाटलं, मी चालताना कुरकुर करतो म्हणून तू नेत नाहीस."

"तू नाय कुरकुर केलीस कदी," आई म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. ती उठून तांदूळ भरायला गेली, हे चहाचा कप धुवायला मोरीवर गेले. स्वतःचा कप त्यांनी कधी धुतल्याचं मला आठवत नाही. मी ओटीवर एकटीच बसून राहिले. आपण फार बोललो की बरोबर बोललो, ते कळेना.

पुढच्या चैत्रात आई स्वतःच म्हणाली, "ती भित पाडा."

मला वाटलं होतं, तिला ती भिंत ठेवावीशी वाटेल. मी तसं बोलले तर ती म्हणाली, "कशाला? भित सुकी पायजे. ओल्या भितीनं तुज्या पोराला खोकला व्हतोय." तोवर आमचा मुलगा दोन वर्षांचा झाला होता आणि पावसाळाभर खरंच खोकायचा.

विटा आल्या. मालकांनी रजा टाकली. गवंड्यानं आणि त्यांनी मिळून जुनी मातीची भिंत पाडली. खालच्या भागाची ढेकळं जड आणि काळी होती, वरच्या भागाची हलकी आणि तांबूस. फोडल्यावर ढेकळाच्या आत मिठाचे खडे चमकतात का ते मी शोधत बसले. खडे नव्हते, माती आणि मीठ कधीच एकजीव झाले होते. सगळा ढिगारा घरामागं, कुंपणाबाहेर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागं कसलातरी खसखस आवाज आला. बघते तर शेजाऱ्यांची गाय ढिगाऱ्याला जीभ लावून उभी. दुपारपर्यंत तिच्याबरोबर आणखी दोन गायी, एक रेडकू आणि शेळ्यांचा कळप. सगळी जनावरं भिंत चाटत होती. एक शेळी ढेकळावर चढून उभी, खाली उतरायलाच तयार नाही. गुराखी काठी आपटून थकला.

"अवो, काय घातलंय त्यात?" त्यानं विचारलं.

"मीठ," आई मोठ्यानं म्हणाली. "माजं मीठ हाय ते. चाटू द्या."

मग ती रोज सकाळी मागं जाऊन बसायची आणि कुठल्या जनावराला किती आवडतं ते बघायची. चांगली ढेकळं तिनं शेजारच्या गोठ्यांत नेऊन दिली. आणि या बसण्यातच ती बोलायला लागली. कुठल्या पाड्यावर जवळा खपायचा, कुठं नुसतं मीठ. कुठली बाई भात मोजताना पायलीचं माप दाबून भरायची. वैशाखऱ्याच्या अलीकडच्या एका वाडीत तिची मैत्रीण होती, मुक्काम कायम तिच्याकडंच.

"जायचं तिकडं?" मी विचारलं.

"कोन वळखतंय आता?"

"मला बघायचंय."

नवी भिंत उभी राहिली, घरभर चुना झाला, तसबिरी परत जागेवर गेल्या. जयंतीची मिरवणूक झाली. त्यानंतर एका सकाळी मी मुलाला शेजारणीकडं ठेवलं आणि आईला घेऊन निघाले. किन्हवलीहून मुरबाड, मुरबाडच्या बाजारात आईनं बोंबील घेतले. एकेक मोडून, वास घेऊन, तीन दुकानं फिरून. मग घाटाकडं जाणारी एस्टी. या रस्त्यानं मी माहेरी जाताना कितीदा गेले होते, पण खिडकीतून दिसणाऱ्या त्या पायवाटा कुठं जातात हे मला ठाऊकच नव्हतं. आईला प्रत्येक वाट ठाऊक होती.

फाट्यावर उतरून आम्ही चालत वाडीत गेलो. आई गोंधळली. तिला आठवत होती कुडाची घरं. इथं बऱ्याच ठिकाणी विटांच्या भिंती आणि पत्रे. एक नवी सून दारात उभी होती. तिला आईच्या मैत्रिणीचं घर विचारलं तर ती म्हणाली, "आमी नाय वळखत."

आई मागं वळली. "चल, जाऊ."

"आई," मी म्हटलं, "तुम्ही पाटी घेऊन आल्यावर काय ओरडायच्या?"

"गप गो. काय बी काय!"

"एकदाच."

ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. आधी घसा खाकरला. मग हात कानाशी नेला आणि आवाज दिला, "सुकऽऽट! जवलाऽऽ! मीऽऽठ!"

तो आवाज माझ्या ओळखीच्या आईचा नव्हता. लांबवर जाणारा, धारदार, थोडासा गाण्याकडं झुकलेला. नवी सून हसायला लागली. पलीकडच्या घरातून मात्र एक म्हातारी बाई बाहेर आली, हात पिठाचे, डोळ्यांवर मनगटाची सावली करत.

"बाय?" ती म्हणाली. "तू? जित्ती आहेस?"

दोघींनी एकमेकींचे दंड धरले आणि नुसत्या हलवत राहिल्या. मग म्हातारी रागावली. खरंच रागावली.

"त्या वरसी आमी वाट बघितली तुजी. पाऊस लागला तरी बघितली. अख्खा पावसाला आमी मिरची आनि भात खाल्ला. निरोप तरी धाडायचास!"

आई म्हणाली, "पोराच्या शर्टाला वास लागायचा गो."

"मंग? पोरगा कुठंय?"

"कंपनीत. हाय, बरा हाय. ही त्येची बायको."

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बस," म्हणाली. "बोंबील आनलेस ना? चूल पेटलेलीच हाय."

आम्ही तिथंच जेवलो. विस्तवावर भाजलेले बोंबील, भात आणि कांदा. दोघी सारख्या बोलत होत्या. कोण गेलं, कोणाचं लग्न झालं, कुठल्या झऱ्याला आता पाणी नाही. मी मधे मधे विचारत होते आणि त्या दोघी एकमेकींचं बोलणं तोडून मला सांगत होत्या.

परत यायला उशीर झाला. घरी पोचलो तेव्हा मालक आधीच आले होते, मुलगा त्यांच्या मांडीवर झोपलेला. आईचा पदर बोंबलांच्या धुरानं भरलेला होता. ते हळूच म्हणाले, "वैशाखऱ्याकडं गेलात?"

"गेलो," आई म्हणाली.

"त्यांच्याकडं एक काळा कुत्रा होता. मला चावायला धावायचा."

"त्यो कदीच मेला रे."

"आणि वाडीच्या खाली तो डोह? तो आहे का अजून?"

"हाय. पानी कमी झालंय."

"आणि त्यांची मुलगी, माझ्याएवढी होती ती?"

आई ओटीवर बसली, पाय पसरले आणि सांगायला लागली. मी मुलाला उचलून आत नेलं. नव्या भिंतीजवळ त्याची गोधडी घातली तेव्हाही बाहेरून त्यांचे प्रश्न ऐकू येत होते, आणि आई प्रत्येकाचं उत्तर देत होती.